मोजणीचा सप्टेंबर

परवा सकाळी आमच्या घरासमोरच्या शाळेत एक वर्गखोली ट्रकवर बसून आली. खिडक्या, पायऱ्या, दाराची कडी, सारे अंगावर घेऊन ती कोपऱ्यावर जराशी अडली. मागच्या गाड्या थांबल्या, झेंडा धरलेल्या माणसाने हात हलवला, आणि मग मैदानाच्या कडेला, गेल्या वर्षी अशाच आलेल्या खोल्यांशेजारी ती हळूच टेकली. व्हँकुव्हरशेजारच्या या सरे शहरात दर सप्टेंबरला हे होते. मुले मावत नाहीत, म्हणून तयार वर्ग आणून मैदानात मांडतात. मी बाल्कनीत चहा घेऊन उभी होते. दूर डोंगरांत कुठे वणवा लागला असावा. हवेला जळलेल्या पाइनचा कडवट वास होता आणि सूर्य हळदीच्या बोटासारखा धुरकट उमटला होता. फुटपाथवरून मुले चालली होती, करकरीत बुटांची, अजून न मळलेल्या दप्तरांची. माझ्या नकळत माझे डोळे त्यांच्यावरून फिरू लागले: एक, दोन, तीन.

इथे मुले मोजण्याचे मला काही कारण नाही. पण धुराचा वास आणि सप्टेंबर एकत्र आले की मी त्या खोऱ्यात परत जाते. तिथे मुले मोजावी लागत.

व्हँकुव्हरपासून दिवसभर गाडी हाकली, हिरवे संपून पिवळे सुरू झाले, आणि पाइनच्या सालीला उन्हात व्हॅनिलाचा वास येऊ लागला, की ते खोरे जवळ आले असे समजावे. वर डोंगरात सोन्याची खाण, खाली नदीकाठी लसूणघासाची शेते. मधे एकच रस्ता, आणि रस्त्यात गुरांनी ओलांडू नये म्हणून बसवलेले लोखंडी गज. त्यांवरून गाडी गेली की सगळे शरीर दातांसारखे वाजे. माझा नवरा श्रीरंग खाणीच्या प्रयोगशाळेत होता. दगडाची पूड भट्टीत घालायची आणि तिच्यात सोने किती, याचा कस काढायचा, हे त्याचे काम. आमची रेवा तेव्हा चौथीत. आणि मी? पुण्यात कविता शिकले, शिकवली, आणि इथे येऊन पहिला हिवाळाभर खिडकीच्या काचेवर गोठलेली वाफ वाचत बसले.

शाळा दोन खोल्यांची होती. एका खोलीत लहान, एका खोलीत मोठे. दोन्ही खोल्यांमधल्या दारात उभी राहून कॅरन नावाची एकच शिक्षिका दोन्हीकडे शिकवी. तिचा आवाज दोन दिशांना दोन वेगळ्या वयांचा होई. शाळेला जमीन शेतकऱ्यांची, सरपण शेतकऱ्यांचे, छप्पर शाकारायला हात शेतकऱ्यांचे. मुले मात्र खाणीची. शेतकरी पिढ्यान् पिढ्या तिथेच, पण त्यांची घरे थोडी. खाणवाल्यांची घरे पुष्कळ, पण ती सोन्याच्या भावाबरोबर भरत आणि ओसरत. या दोन लोकांचे एकमेकांशी फारसे पटत नसे. शेतकरी म्हणत, खाणीने पाणी गढूळ केले. खाणवाले म्हणत, यांना आमचे पगार तेवढे दुकानात चालतात. पण शाळेच्या अंगणात दोन्हीकडची मुले एकाच घसरगुंडीवरून घसरत, आणि त्यामुळे आईबाप एकमेकांना नमस्कार तरी करत.

नियम साधा होता. सप्टेंबर सरता सरता शिक्षण मंडळाच्या कचेरीतून कुणी तरी येई, मुलांना प्रत्यक्ष पाही आणि मोजी. ठरलेल्या आकड्याला एकही मूल कमी पडले की शाळा बंद, आणि मुले बसने घाट ओलांडून पलीकडच्या गावी. खोऱ्यात या दिवसाला नुसते ‘द काउंट’ म्हणत. मी मनात मोजणी म्हणे. एकदा मोजणी पार पडली की शाळेला वर्षभर अभय. मग कुणी गेले तरी चाले.

त्या ऑगस्टमध्ये खाणीने काम निम्म्यावर आणले. एकेका घरासमोर भाड्याचे ट्रक लागू लागले, सायकली आणि ट्रॅम्पोलिन हिरवळीवर विकायला आले. श्रीरंगला व्हँकुव्हरमधल्या एका प्रयोगशाळेत काम मिळाले, सप्टेंबरच्या सुरुवातीपासूनच. आम्हीही निघणार, हे आमच्या घरात ठरून गेले होते. पण खोऱ्यात आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि ती आम्हांला सर्वांत शेवटी कळली: उरलेली मुले मोजली, तर रेवा धरून आकडा जेमतेम भरत होता. रेवा वजा केली की शाळा बंद.

कुणी काही विचारले नाही. फक्त आमच्या पायरीवर झुकिनी येऊ लागल्या.

पहिल्या दिवशी एक, दुधीसारखी जाडजूड, अजून देठाशी ओली. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेली अंडी. मग काचेच्या बरणीत पाकातले पीच, मग पुन्हा झुकिनी. गाडीचा आवाज येई, दार उघडेपर्यंत फक्त धूळ. “आई, देअर्स अनदर वन,” रेवा दारातून ओरडे, आणि एखादे जड बाळ उचलावे तशी ती दोन्ही हातांनी आत आणी. मी झुकिनीची भाजी केली, थालीपिठे केली, कोशिंबीर केली, किसून वड्या केल्या. प्रत्येक घास गिळताना वाटे, हे आपल्याला सांगत काय आहेत? राहा? की सुखाने जा?

श्रीरंग पुढे निघून गेला आणि सरेत त्याच्या मावसभावाच्या बेसमेंटमध्ये राहू लागला. रोज संध्याकाळी त्याचा फोन.

“अगं, इथल्या शाळेत आज विचारून आलो. चौथीच्या वर्गात शेवटची जागा आहे. घरापासून चालत पाच मिनिटं. तुम्ही या वीकेंडला आलात तर मिळेल. नंतर आलात तर ते कुठल्या तरी लांबच्या शाळेत टाकतील, बसनं जावं लागेल पोरीला.”

“महिनाअखेरपर्यंत थांबायला नाही का सांगता येणार त्यांना?”

“कशासाठी थांबायचं म्हणून सांगू?”

“मोजणीसाठी.”

मावसभावाच्या घरातल्या टीव्हीचा आवाज मला ऐकू येत होता. “म्हणजे इथं एक पोर जास्त होतेय म्हणून जागा नाही,” तो म्हणाला, “आणि तिथं एक कमी होतेय म्हणून शाळा बंद. आणि ती पोर नेमकी आपलीच. कमाल आहे.”

“मी अजून काही ठरवलेलं नाही.”

“मग ठरव. मला वाटतं तुम्ही यावं. पण तिथं तू आहेस, मी नाही.” मग आवाज जरा खाली आला. “जेवलीस का? की झुकिनीच?”

त्याच आठवड्यात कॅरन आली. तिच्या हातात खोऱ्याचा मोठा नकाशा होता, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. कचेरीतली बाई येईल तेव्हा भिंतीवर लावायला या खोऱ्यातल्या सगळ्या शाळांचा इतिहास हवा, असे पालकांनी ठरवले होते. शाळा किती जुनी मुळे धरून आहे, ते तिला दिसावे. “तू लिहितेस ना,” कॅरन म्हणाली. “आणि एल्सीला सगळ्या जागा माहीत आहेत. तिला आता गाडी चालवता येत नाही. तू तिला फिरव.” आमच्या जाण्याबद्दल ती बोलली नाही. फक्त नकाशा माझ्या हातात देताना तिने तो अंमळ उशिरा सोडला.

एल्सी नदीकाठच्या गोठ्यांची मालकीण. ऐंशीच्या पुढची, पुरुषी बूट, पांढरी वेणी, आणि दोन्ही डोळ्यांच्या मध्यावर न जाणारे धुके. समोरच्या माणसाकडे पाहायचे असले की ती मान तिरपी करून कडेने पाही, त्यामुळे सारखी कुणावर तरी संशय घेतेय असे वाटे. तिची पणती ज्यूनी त्याच सप्टेंबरात पहिलीत बसली होती. ज्यूनी एल्सीच्याच घरी राही, शेताच्या बांधावरून चालत शाळेत जाई, आणि अजून तिला स्वतःच्या नावातल्या अक्षरांपलीकडे काही वाचता येत नव्हते.

त्या आठवड्यांतले आमचे फिरणे माझ्या आठवणीत दिवसांप्रमाणे नाही, वासांप्रमाणे राहिले आहे. लसूणघासाची तिसरी कापणी चालू होती; कापलेल्या घासाचा गोडसर, जरासा आंबूस वास काचा बंद केल्या तरी आत येई. ओढ्याच्या बाजूला गेलो की तो वास तुटे आणि ओल्या दगडाचा थंड वास सुरू होई. तिथे जुन्या काळी सोने धुऊन टाकलेल्या गोट्यांचे ढीग होते, घराएवढे, आणि त्यांच्या फटींतून आता विलोची झुडपे उगवली होती.

“इथं,” एल्सी म्हणे. मी गाडी थांबवी. ती उतरे, काठीने गवत बाजूला करी. “इथं पहिली. शाळा म्हणजे काय, दारूच्या गुत्त्याची मागची खोली. सकाळी पोरं, संध्याकाळी बाप. बाक तेच.”

“आणि दुसरी?”

“दुसरीवरून मारामारी झाली. खाणवाले म्हणाले ओढ्यावर बांधा, शेतकरी म्हणाले नदीवर. शेवटी बरोबर मधे बांधली, जिथं कुणीच राहत नव्हतं. म्हणजे सगळ्यांना सारखंच चालावं लागायचं. न्याय झाला.” ती हसली. “आणि लांडगेही तिथंच.”

मधल्या त्या जागेवर आता काही नव्हते. बागेत लावतात ते जांभळ्या फुलांचे लायलॅकचे एक झाड होते, जंगलाशी काही नाते नसलेले. कुण्या एका मास्तरणीने गावाहून आणलेल्या काडीचे झाड. पुढे मग मला तो माग लागला. जिथे पाइनच्या रानात अवचित लायलॅक दिसे, तिथे थांबायचे. एकदा मात्र एल्सी एका जोत्यावर उभी राहून बराच वेळ आपला वर्ग, आपली खिडकी, आपली शेकोटी दाखवत राहिली, तितक्यात शेजारच्या शेतातला माणूस ट्रॅक्टर थांबवून म्हणाला, “एल्सी, तो आमच्या डुकरांचा गोठा होता.” ती जराही हलली नाही. “मग शाळेपेक्षा बरा बांधलाय,” म्हणाली.

सगळ्यांत मला आवडली ती चालणारी शाळा. वरच्या ओढ्यातले सोने संपले आणि घरे खालच्या ओढ्याकडे सरकली, तेव्हा लोकांनी शाळेखाली दोन लांब ओंडके घातले, बर्फ घट्ट होण्याची वाट पाहिली, आणि घोडे जुंपून शाळाच ओढत मुलांकडे नेली. फळा आत, बाक आत. थंडी वाजते म्हणून धाकटी मुलेही आतच बसली होती, खिडकीतून झाडे सरकताना पाहत. एल्सीला हे तिच्या मास्तरणीने सांगितले होते. मी ते पुठ्ठ्यासाठी लिहून घेतले, पण लिहिताना माझ्या मनात एक प्रश्न रुतला. शाळा मुलांकडे जाई तो काळ गेला होता. आता कुणाला कुणासाठी थांबायला सांगितले जात होते?

नकाशावर आम्ही टाचण्या टोचत गेलो. प्रत्येक टाचणी म्हणजे एक शाळा, आणि प्रत्येक शाळा बंद झालेली. कॅरनने तो पाहिला आणि ओठ चावला. “हा इतिहास आहे की स्मशान?” ती म्हणाली. तिने स्वतःच्या शाळेसाठी लाल टाचणी काढली, क्षणभर बोटांत धरली आणि टोचली.

महिन्याच्या मधोमध खाणीचे घर सोडावे लागले. एल्सीने काही न बोलता माझ्या हातात किल्ली ठेवली. शाळेच्या आवारात मास्तरणींसाठी जुन्या काळी बांधलेली दोन खोल्यांची कुटी होती. पूर्वीच्या मास्तरणी तिथे राहत, पाणी बाहेरच्या हातपंपाचे. आता नळ होता, हीटर होता, आणि भिंतींना कित्येक हिवाळ्यांचा चुलीचा वास. किल्ली घेतली म्हणजे मी महिनाअखेरपर्यंत थांबणार, हे आम्हां दोघींनाही कळले. तरी तिने ‘थांब’ म्हटले नाही.

मी संतापले. गाडीत, पुढच्याच फेरीत, मी तिला सरळ विचारले. “एल्सी, तुम्ही सगळे पायरीवर भाज्या ठेवता, किल्ल्या देता. तोंडाने का विचारत नाही? माझी मुलगी म्हणजे तुमच्यासाठी एक आकडा आहे.”

तिने मान तिरपी केली आणि कडेने माझ्याकडे पाहिले. “होय,” ती म्हणाली. “मीही आकडाच होते.”

मग तिने सांगितले. तिचा बाप गुरांतला माणूस नव्हताच. तो चांभार होता. खोऱ्यातल्या एका शेतकऱ्याने त्याला गडी म्हणून ठेवले ते गाईची धार काढता येते म्हणून नव्हे, तर त्याला पाच मुले होती म्हणून. त्या काळी मजूर ठेवताना दंड पाहत नसत, पोरे मोजत. “पहिल्या सकाळी बाबा गाईच्या उजव्या बाजूला बसायचं की डाव्या, हे विचारायला आईकडं आला. आईलाही माहीत नव्हतं. पण शाळा उघडली.”

“राग नाही आला तुम्हांला?”

“कुणाचा? मला वाचायला आलं.” ती थोडा वेळ काठीने बुटावरची माती उकरत राहिली. “मधे एकदा शाळा बंद होती, काही वर्षं. माझा रॉय सात वर्षांचा. घाट हिवाळ्यात बंद पडायचा, म्हणून त्याला गावात एका बाईकडं ठेवला. सोमवारी न्यायचा, शुक्रवारी आणायचा. पहिल्या शुक्रवारी धावत आला. मग चालत यायला लागला. मग एका शुक्रवारी म्हणाला, यायलाच हवं का? पोरगं चांगलं आहे माझं, फोन करतो. पण ते परत आलं नाही. ज्यूनीचं तसं व्हायला नको. निदान वाचायला येईपर्यंत तरी ती चालत घरी यावी.” मग रस्त्याकडे तोंड करून म्हणाली, “खाणवाल्याला थांब म्हणायचं नाही, हे बाबानं शिकवलं. थांब म्हटलं की तो जातो तेव्हा भांडण होतं. न म्हणता जेवढा थांबेल तेवढा आपला. झुकिनीचं म्हणशील तर, त्या तशाही फार होतात.”

माझा राग गेला असे मी म्हणणार नाही. पण त्याला बसायला जागा उरली नाही.

त्या कुटीतच आमचे गणपती झाले. मूर्ती कुठून मिळणार? रेवाने ओढ्याकाठची चिकणमाती आणली आणि आम्ही दोघींनी घडवला. सोंड जरा जाड झाली, आणि मातीत अभ्रकाचे कण होते, ते समईच्या उजेडात चमकले. मोदकांच्या वाफेने खिडक्या धुरकटल्या. कॅरन आली, ज्यूनीला घेऊन एल्सी आली. एल्सीने मूर्तीला नाक लागेल इतके जवळ जाऊन पाहिले.

“किती दिवस राहतो हा?” तिने विचारले.

“आमच्याकडे दीड दिवस.”

“मग?”

“मग नदीत.”

“खाणवाला दिसतोय,” एल्सी म्हणाली, आणि दुसरा मोदक उचलला.

आम्ही सगळ्या हसलो. रेवा हसली नाही. ती ताटलीतले सारण चमच्याने सरळ रेघेत ओढत होती. गेले काही दिवस ती जेवताना अशीच असे. शाळेतली मुले तिला खेळात आधी घेऊ लागली होती, झोपाळ्यावर आपला नंबर तिला देत होती. मुलांना सगळे कळते. पाहुण्या गेल्यावर भांडी आवरताना तिने विचारले, “आई, इफ आय गेट सिक दॅट डे, डू आय स्टिल काउंट?”

मी ओल्या हातांनी वळले. “कुणी सांगितलं तुला हे?”

“एव्हरीबडी नोज.” मग, फार हळू: “ज्यूनी सेज इफ आय गो, शी हॅज टु गो ऑन द बस. शी थ्रोज अप ऑन द बस.”

तिच्या नऊ वर्षांच्या खांद्यांवर एक अख्खी इमारत ठेवलेली मी पाहिली, छपरासकट. मला तिला सांगायचे होते की हे तुझे काम नाही, मोठ्यांचे आहे. मी तसे सांगितलेही. आपण का थांबलो आहोत, मोजणीनंतरच्या शनिवारी बाबाकडे कसे जाणार आहोत, सगळे सांगितले. कुणी विचारले तर काय उत्तर द्यायचे, हे मात्र शिकवले नाही. शिकवले असते तर त्या शाळेत पाऊल ठेवायला मला तोंड उरले नसते.

मोजणीच्या दिवशी धूर खाली उतरला होता. नदीपलीकडचा डोंगर पुसला गेला होता आणि अंगणातल्या घसरगुंडीवर राखेचा बारीक थर होता. मुलांच्या बोटांनी त्यावर रेघा काढल्या होत्या. पालक मागच्या भिंतीशी उभे होते. सगळ्यांचे कपडे धुतलेले, बूट मात्र शेतातले. कुणी माझ्याकडे पाहत नव्हते. इतकी माणसे एकाच वेळी आपल्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करतात तेव्हा कानशिले तापतात, हे मला त्या दिवशी कळले. आमची गाडी बाहेर अर्धी भरून उभी होती, मागच्या काचेतून उशा दिसत होत्या.

कचेरीतली बाई धुराने खोकत आत आली. मध्यमवयीन, सौम्य, दमलेली. तिने नकाशासमोर उभे राहून सगळे वाचले, अगदी चालणाऱ्या शाळेपर्यंत. मग खुर्ची ओढून मुलांच्या उंचीला बसली आणि एकेकाला बोलावू लागली. नाव विचारायची, मग राहतोस कुठे. एवढेच दोन प्रश्न.

“पुलापलीकडं, लाल कोठार.”

“बाबांच्या वर्कशॉपवर.”

“ग्रॅमा एल्सीकडं,” ज्यूनी म्हणाली, आणि न विचारता सांगितले की तिथे दोन मांजरी आहेत.

मग रेवा. पांढऱ्या फळ्यावरच्या शाईचा तीव्र वास मला आताही येतो. तिने नाव सांगितले. बाई म्हणाली, “अँड व्हेअर डू यू लिव्ह, रेवा?”

रेवाने खिडकीतून कुटीकडे पाहिले. मग गाडीकडे. मागे कुणीतरी बुटांवरचा भार बदलला आणि फळी करकरली. माझी लेक खोटे बोलत नाही, हे मला ठाऊक होते, आणि त्या क्षणी मला त्याचीच भीती वाटत होती.

“राइट नाऊ?” तिने विचारले. “राइट नाऊ, हियर.”

बाईचे पेन थांबले. पुढचा प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आलेला मी पाहिला. पुढच्या आठवड्यात कुठे, हे विचारायला तिला काहीच अडचण नव्हती. तिची नजर गाडीतल्या उशांवर गेली, भिंतीवरच्या टाचण्यांवर गेली. टाचणी म्हणजे तरी काय होते? तेवढ्यापुरते इथे राहिलेली माणसे. “थँक यू,” ती म्हणाली. “मला एवढंच विचारायचं असतं.” आणि तिने लिहिले.

शाळा त्या वर्षी उघडी राहिली. शनिवारी आम्ही निघालो तेव्हा गाडीत बटाट्यांचे पोते आणि पीचच्या इतक्या बरण्या होत्या की रेवाला पाय ठेवायला जागा नव्हती. राहा असे शेवटपर्यंत कुणी म्हटले नाही. एल्सीने फक्त टायर लाथेने तपासले आणि म्हणाली, घाटात सावकाश.

सरेतली जवळच्या शाळेतली जागा अर्थातच गेली होती. रेवाने ते वर्ष पिवळ्या बसने ये-जा केली. थंडीत, अंधारात, स्टॉपवर तिच्यासोबत उभा राहून श्रीरंग म्हणे, “तिकडच्या पोरांना बस नको, म्हणून आपली पोर बसमध्ये.” तो हे चिडून म्हणे की कौतुकाने, ते मला कधी नीट कळले नाही, बहुधा दोन्ही. आता रेवा हायस्कूलला आहे. बसमध्ये खिडकीपाशीच बसते, आणि त्या महिन्याबद्दल फारशी बोलत नाही.

पण एल्सीचा फोन आला तो दिवस तिच्याही लक्षात असणार. त्या मोजणीनंतरच्या जूनची गोष्ट. सुट्टी लागायला आठवडाही उरला नव्हता. मी कणीक मळत होते, म्हणून रेवाने फोन स्पीकरवर टाकला.

“शाळेच्या दारावर कागद लावलाय,” एल्सी म्हणाली. “मला दिसत नाही. सगळे नुसतेच त्याच्यापुढं उभे राहतात आणि निघून जातात, सांगत कुणी नाही. आता ज्यूनी आलीय. थांब, ऐक.”

तिकडे वारा होता, फोनमध्ये फडफडत होता. मग लहान, मोठ्याने वाचणारा आवाज आला, प्रत्येक शब्दावर बोट ठेवल्यासारखा. पालकांना कळवण्यात येते. शब्द. थांबणे. शब्द. मुलांची संख्या. येत्या सप्टेंबरपासून. रेवा ओट्याला टेकून उभी राहिली. माझे हात पिठात तसेच राहिले. ही शाळा, ज्यूनी वाचत होती, ही शाळा बंद, आणि पुढे एक लांब शब्द आला आणि ती अडली. मागून कुणी तो सांगू लागले, तर एल्सीचा आवाज आला, “सांगू नका. वाचू दे तिला.”

“पर्,” ज्यूनी म्हणाली. “पर्... म... नंट...” वारा गेला, परत आला. “पर्मनंटली.”

मग खालची सही वाचली, हुद्दा वाचला, आणि संपले.

एल्सीने फोन परत घेतला असावा. तिचा श्वास जवळ आला.

“ऐकलंस?” ती म्हणाली. “तो शब्द तिला कुणी शिकवला नव्हता.”